परबाची काळी रायफल

पोलीस खात्यात जन्म काढला असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, मग किती चोर पकडलात? एकही नाही. चोर राहू द्या, मी कधी डबलसीट सायकलवालाही अडवला नाही. माझी सगळी नोकरी एका जाड दरवाजाच्या आत, तेलाच्या वासात आणि बंदुकांच्या सोबतीत गेली. मी आर्मोरर होतो, म्हणजे पोलिसांच्या शस्त्रागारातला कारागीर. आमचे लोक ऐटीत सांगतात, आर्मोरर म्हणजे बंदुकांचा डॉक्टर. मी म्हणेन, बंदुकांचा न्हावी. घासा, पुसा, तेल लावा, आणि हे गिऱ्हाईक उठलं की पुढच्याला बसवा.

सरकारी कागदावर सिंधुदुर्गनगरी, पण एसटीच्या कंडक्टरपासून कलेक्टरच्या शिपायापर्यंत सगळे ओरोसच म्हणतात. तिथं आमचं शस्त्रागार. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका जमा व्हायच्या. माकडं आणि रानडुकरं पळवायला शेतकऱ्यांनी ठेवलेल्या जुन्या ठासणीच्या बंदुका. कुडाळच्या आतल्या गावातले एक म्हातारे जमा केलेली बंदूक बघायला आठवड्यात दोनदा एसटीनं यायचे. नुसती बघून त्यांचं भागायचं नाही, हुंगायचे. एकदा माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "हिका दुसऱ्याच्या हाताचो वास येता." मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि घरी येऊन बायकोला ती गोष्ट सांगत पोट धरून हसलो.

पुढे मला स्वतःलाच तसा वास यायला लागला, तेव्हा काही हसू आलं नाही. हे लिखाण त्याबद्दलच आहे. शुद्ध भाषेत त्याला मत्सर म्हणतात, आमच्याकडे सरळ म्हणतात पोटात दुखता. माझ्या पोटात दुखायचं. अजून दुखतं. रिटायर झाल्यावर माणूस मोठ्या मनाचा होतो असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

दुखण्याचं नाव अनंत परब. हुद्द्यानं माझ्या खालचा, वयानं माझ्याहून दहा-एक वर्षांनी लहान. पुण्याच्या कोर्सला जायची पाळी माझी होती आणि गेला परब, कारण त्याला इंग्रजी वाचता यायचं. माझं इंग्रजी सातवीत एका मास्तरांच्या छडीखाली मेलं ते मेलंच. परत आला तो सगळ्या हत्यारांना नवीन नावं घेऊन. मी ज्याला आयुष्यभर बारका स्क्रू म्हटलं त्याला परब काहीतरी लांबलचक म्हणायचा, आणि साहेब मान डोलवायचे.

बरं, माणूस वाईट होता का? तिथंच तर गोची. वाईट असता तर किती सोपं झालं असतं. डबा उघडला की अर्धा माझ्यापुढे सरकवायचा. त्याच्या बायकोच्या हातचं सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, सुकं असं असायचं की खाताना डोळे मिटावे, आणि मी ते खाताना मनात म्हणायचो, हेही ह्याचंच बरं. माझी बायको एकदा ताट वाढताना म्हणाली, "त्या परबाचा नाव घेतल्याशिवाय तुमका जेवाण जायना काय?" मी म्हटलं, मी कुठं नाव घेतलं. ती म्हणाली, कालपासून सात वेळा.

आता आमच्या धंद्यातलं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडची मुख्य रायफल एसएलआर. अर्धस्वयंचलित, म्हणजे घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपली आपण जागेवर येऊन बसते. परत घोडा दाबायचा, परत एकच गोळी. लांब, जड, कुणाशी खोटं न बोलणारं हत्यार. तिचा खांद्याला टेकवायचा दस्ता लाकडाचा, आणि पुढे डाव्या हाताला धरायची आवरणंही लाकडाची. लोखंडाची उस्तवारी कुणीही करील, लाकडाला माणूस लागतो. आमच्या खाऱ्या हवेत पावसाळ्यात लाकूड फुगतं, दसरा झाला की आकसतं, स्क्रू सैल पडतात आणि चांगला नेमबाज स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसतो. आम्ही मूळचे सुतार. घरात पिढ्यान् पिढ्या नांगर, होड्या, पालख्या झालेल्या. तेव्हा दस्त्याला अळशीचं तेल चोळणं, फुगलेला भाग तासणं, भेग बुजवणं ह्यात माझा हात धरणारा परिक्षेत्रात कुणी नव्हता. हे मी म्हणत नाही, इन्स्पेक्शनला येणारे अधिकारी म्हणायचे. म्हणजे मीही म्हणतो.

आणि सुरेखा. सुरेखा तारी ही मालवणची, तिची आई बाजारात मासे विकायची. ती शिपाई म्हणून भरती झाली तेव्हा रायफल तिच्यापेक्षा थोडीच ठेंगणी वाटायची. पहिल्या दिवशी गोळीबाराच्या रेंजवर मी बघत होतो. दस्ता तिला लांब पडत होता, मान वाकडी करून ती त्याच्याशी भांडत होती, आणि तरीही गोळ्या मधल्या काळ्या ठिपक्याच्या आसपास. मी मनात म्हटलं, हिला जर हिच्या मापाचं हत्यार मिळालं तर?

साहेबांची परवानगी काढली आणि एका रायफलीचा दस्ता तिच्यासाठी कमी केला. आत स्प्रिंगची नळी असते, ती सांभाळून जेवढं कापता येईल तेवढं कापलं. गालाला टेकतो तो भाग तासला. मागची धातूची पाटी नव्या मापाला बसवली. मग महिनाभर रोज तेल. लाकूड असं उजळलं की उन्हात धरलं तर आतल्या रेषा हलताहेत असं वाटायचं. त्या वर्षी परिक्षेत्राच्या स्पर्धेत सुरेखाला पदक मिळालं, पुढच्याही वर्षी मिळालं. पेपरात फोटो आला. फोटोत मी नव्हतो, पण दस्ता होता. मला तेवढं पुरत होतं.

तेव्हापासून माझी एकच इच्छा. बाकीचं पोलीस दल काठ्या घेऊन फिरलं तरी चालेल, पण सुरेखा तारीनं रायफल उचलली की ती माझ्या हातची असावी. ती रायफल मी दुसऱ्या कुणाला देत नसे. कुणी मागितली तर दुरुस्तीत आहे म्हणून सांगायचो.

एक बारीक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती मला मेस्त्रीकाका म्हणायची आणि परबाला परबदादा. वयाच्या हिशोबानं बरोबरच होतं. तरी पण.

मुंबईवर समुद्रातून हल्ला झाला आणि आमच्या किनाऱ्यावर चौक्या वाढल्या. जी रायफल ओरोसच्या कोरड्या खोलीत राहायची ती थेट लाटांच्या शिंतोड्यात जाऊन पडली. लाकडाच्या तक्रारी वाढल्या. दोन हजार नऊच्या पावसाळ्याआधी पुण्याच्या एका कंपनीचा माणूस खोके घेऊन आला. आत लाकडाच्या जागी बसवायचे काळे दस्ते आणि काळी आवरणं. काचेचे धागे आणि राळ यांचं मिश्रण, त्याला तो कॉम्पोझिट म्हणायचा. आमच्याकडे शेंबडं पोरही त्याला फायबर म्हणतं. निम्म्या मालवणच्या होड्या तोवर फायबरच्या झालेल्या. माझा चुलतभाऊ लाकडी होड्या बांधायचा तो फायबरच्या बांधायला लागला आणि त्यानं दुमजली घर घातलं, तेव्हापासून माझं आणि फायबरचं वाकडंच होतं.

सहा रायफलींना तो काळा साज चढवून पावसाळाभर चाचणी घ्यायची असं ठरलं. वजन बऱ्यापैकी कमी होतं, नाही म्हणून चालणार नाही. चाचणीचा प्रमुख कोण? परब. मला साहेब म्हणाले, "मेस्त्री, तुम्ही अनुभवी आहात, परबांना मदत करा." मी हो म्हटलं आणि बाहेर जाऊन पाणी प्यालो.

परबानं पहिला साज बसवला तो मी लांबून बघत होतो. लाकूड बसवताना ते कुरकुरतं, नाही म्हणतं, मग समजूत घालावी लागते. हे टचकन बसलं. मला ते अगदी निर्लज्जपणाचं वाटलं. बोटानं टकटक केलं तर आतून पोकळ आवाज आला. मी परबाला म्हटलं, नारळ असता तर परत केला असता. तो हसला. मी विनोद केलेला नव्हता.

सहापैकी तीन काळ्या आणि जोडीला तीन लाकडी रायफली रेडी बंदराच्या बाजूच्या एका किनारी चौकीवर पाठवल्या. पावसाळाभर दोन्ही शेजारी शेजारी राहणार आणि शेवटी कोण कसं टिकलं ते बघायचं. श्रावणात परब आणि मी तपासायला गेलो. दोन लाकडी रायफली नेहमीसारख्याच फुगलेल्या. तिसरी मात्र नव्यासारखी. आवरणाला सुईची फट नाही, दस्त्यावर पाण्याचा डाग नाही. माझ्या छातीत असा काही आनंद झाला म्हणून सांगू. ती रायफल धुरी नावाच्या शिपायाकडे होती, मच्छीमाराच्या घरातला पोरगा. मी त्याची पाठ थोपटायला जवळ गेलो आणि थबकलो. चौकीतलं मांजर रायफलीच्या दस्त्याला अंग घासत होतं.

धुरीनं सगळं सरळ सांगितलं. त्याच्या आजोबांची होडी तारल्याच्या तेलानं टिकायची. तारली म्हणजे ते छोटे तेलकट मासे, उकळून तेल काढायचं आणि लाकडाला पाजायचं. होडी काय आणि रायफल काय, लाकूड ते लाकूड, खारं पाणी ते खारं पाणी. दर रविवारी तो घरून तेलाची बाटली आणायचा आणि सरकारी हत्याराला चोळायचा. परबानं नाकाला रुमाल लावला. मी मात्र म्हटलं, वास येऊ दे, फुगली नाही ना? चाचणी वासाची नाही. परब म्हणाला, ता खरा. तेव्हाच त्यानं वाद घातला असता तर माझी पुढची फजिती टळली असती.

मग खंडेनवमी आली. शस्त्रागारात त्या दिवशी सगळी हत्यारं मांडून पूजा होते. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. आणि गाऱ्हाणं घालायचा मान माझा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय होत नाही. एकानं देवाशी मोठ्यानं बोलायचं, सगळ्यांच्या वतीनं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून सवय, काय मागितलं ते कुणी ऐकत नाही. वाक्य थांबलं की तोंडातून व्हय म्हाराजा येतंच.

काळ्या रायफली मी मांडणीत घेतल्या नव्हत्या. परबानं गुपचूप आणून ओळीच्या टोकाला ठेवल्या आणि त्यांना कुंकू लावलं. ते त्या गुळगुळीत फायबरवर नीट दिसतही नव्हतं. मग मी गाऱ्हाण्याला उभा राहिलो. साहेबांचं कल्याण मागितलं, पोरांच्या बढत्या मागितल्या, आणि आवाज तसाच ठेवून म्हटलं, "आणि जा काय परमुलखातसून न बोलावता हय इला आसात, ता जसा इला तसा सुखरूप परत धाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज परबाचा.

दसऱ्यानंतर रेंजवर शेवटची चाचणी झाली. साहेब, कंपनीचा माणूस, परब, मी, आणि गोळीबारासाठी काही निवडक शिपाई, त्यात सुरेखा. काळ्या रायफली मिठाच्या पाण्यात बुडवल्या, चिखलात लोळवल्या, टेबलाच्या उंचीवरून जांभ्या दगडावर टाकल्या. प्रत्येक वेळी मी पुढे होऊन चीर शोधायचो. मनात म्हणायचो, फूट, निदान एवढीशी तरी फूट. परबाला वाटलं मी मनापासून मदत करतोय. साहेबांसमोर म्हणाला, "मेस्त्रींची नजर बारीक आहे, साहेब. त्यांनाच बघू द्या." चीर सापडली नाही. खोटं कसं बोलणार, सगळे बघत होते.

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. धुरीची लाकडी रायफल साहेबांच्या हातात दिली. पावसाळा किनाऱ्यावर काढूनही लाकूड जसंच्या तसं, असं अभिमानानं सांगितलं. चार दिवस मी तिला उन्हात ठेवली होती, वास बराच गेला असं मला वाटत होतं. पण माझं नाक तोवर मेलेलं असावं. साहेब घाटावरचे, पक्के शाकाहारी. त्यांनी रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्याला टेकवला आणि तसेच स्तब्ध झाले. मग हळूच रायफल खाली ठेवली आणि विचारलं, "ह्यात काही मेलं आहे का?" धुरीनं पुढे होऊन तारल्याच्या तेलाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. साहेब पाण्याच्या पिंपाकडे गेले आणि बराच वेळ गाल धूत राहिले.

तरीही मी हरलो नव्हतो. एक गोष्ट अजून हातात होती, आणि ती खरी होती. हलकी रायफल जड रायफलीपेक्षा जास्त धक्का देते. गोळी तीच, बार तोच. धक्का पेलायला वजन कमी पडलं की रायफल खांद्यावर जोरात येते. कंपनीचा माणूस ते बोलत नव्हता, पण दिवसभर गोळीबार करणाऱ्याच्या खांद्याला ते कळणार. आणि सगळ्यांत बारीक खांदा सुरेखाचा. तिनं एवढंच म्हणायचं होतं, दुखतं. माझी पोर ती, मापाचा दस्ता मी दिलेला, ती खरं सांगेल. मी शांतपणे हाताची घडी घालून उभा राहिलो.

तिनं आधी मी दस्ता कापलेल्या रायफलीनं गोळ्या झाडल्या आणि मग आखूड मापाचा दस्ता चढवलेल्या काळीनं. उभ्यानं, बसून, आडवं पडून. निशाणाचे कागद आणले. काळीच्या गोळ्या जास्त जवळ जवळ होत्या, विशेषतः उभ्यानं मारलेल्या. साहेब खूश. मी म्हटलं, कागद राहू द्या, खांदा काय म्हणतो ते विचारा. आणि मीच विचारलं, सगळ्यांसमोर, आमच्या भाषेत, म्हणजे तिला सांगायला सोपं जाईल. "सुरेखा, खांदो दुखता मां?"

"नाही, सर," तिनं साहेबांकडे बघून सांगितलं.

"माझ्याकडे बघ. खरा सांग."

ती माझ्याकडे बघेना. मग अगदी हळू म्हणाली, "काका, दुखायचो तो आधी. हिका रबर आसा. तुमच्या दस्त्याची ती पाटी हय हाडाक लागता. मी आतसून टुवालाची घडी ठेवतंय."

मी विचारलं, कधीपासून. खरं तर मला ऐकायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"पयल्यापासून," ती म्हणाली. "तुम्ही इतक्या मन लावन केल्लात. मग कसा सांगूचा?"

मी कमी केला होता तो दस्ता तिच्या हाताच्या मापाला बरोबर होता. पण पाटी नव्या जागी बसवताना तिची खालची धार किंचित बाहेर आली होती, आणि माझ्यासारख्या पुरुषाच्या खांद्याला ती जाणवायचीच नाही. मी माझ्याच खांद्याला लावून बघितली होती ना. आणि वजनाचं तर ती बोललीच नव्हती. हलकी रायफल उभ्यानं तिच्या हातात डळमळत नाही, ते कागदावरच दिसत होतं. पदकं घेताना तिचा उजवा हात वर पूर्ण जायचा नाही, मी समजायचो पोरगी लाजते.

साहेबांनी विचारलं, "मेस्त्री, तुमचं मत काय?" कंपनीचा माणूस माझ्याकडे बघत होता, परब बघत होता. मी म्हटलं, साहेब, चांगलं आहे, घ्या. एवढंच बोललो. परबानं माझा हात धरून दाबला. तो सोडवून घेताना मला काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर मी तिच्याशी धड बोललो नाही. राग होता. तिच्यावर होता, दस्त्यावर होता, सगळ्यात जास्त ह्याचा होता की रबराच्या एका तुकड्यानं जे केलं ते माझ्या महिनाभराच्या तेलानं केलं नाही. सुरेखा काळी रायफल घेऊन सरावाला जायची. परबदादा, ह्या बघा, परबदादा, त्या बघा. मी खिडकी लावून घ्यायचो.

आणि मग देवानं गाऱ्हाणं ऐकलं. वरून कळलं की पुढेमागे रायफलीच बदलणार आहेत, तेव्हा जुन्या रायफलींना नवा साज नको. कंपनीनं माल परत मागितला. काळे दस्ते उतरवून खोक्यात भरले, मूळचं लाकूड परत चढलं, आणि जसं आलं तसं सगळं सुखरूप परत गेलं. परबानं खोके बांधले तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला. मी जिंकलो होतो. परिक्षेत्राची स्पर्धा महिन्यावर आलेली, आणि सुरेखा माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. मी दस्ता कापलेली ती जुनी रायफल मागितली. मी काढून दिली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाली, बरी आसा, काका. तक्रारीचा एक शब्द नाही. मला जे हवं होतं ते सगळं माझ्यासमोर उभं होतं आणि तिच्या काखेत टुवालाची घडी होती.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा परबाकडे काही मागायला गेलो. म्हटलं, त्या कंपनीच्या माणसाला विचार, एक संच ठेवील का. परब म्हणाला, "मी विचारलंय, मेस्त्री. दोनदा फोन केलंय. नाय म्हणतत." म्हणजे तिथंही हा माझ्या आधी पोचलेला.

मग रविवारी दुपारी मी शस्त्रागारात बसलो आणि माझ्या हातचं सगळ्यात सुंदर काम समोर ठेवलं. पाटी काढली. स्प्रिंगची नळी वाचवून तिच्या खालचं भरीव लाकूड पटाशीनं पोखरायला घेतलं. ज्यांना लाकूडकाम माहीत नाही त्यांना हे कळणार नाही. चांगलं, पिकलेलं, तेल प्यालेलं लाकूड आतून खाऊन काढायचं आणि वरून काही दिसू द्यायचं नाही. बाहेरची भिंत राहील इतकंच ठेवायचं. जास्त गेलं तर पहिल्या बाराला दस्ता फाटेल, कमी गेलं तर वजन तसंच. ते ढलपे निघताना मला रडू येत होतं असं नाही, पण चांगलंही वाटत नव्हतं. शेवटी टकटक केलं तर तसाच पोकळ आवाज, ज्याला मी नारळ म्हणून हसलो होतो. मागे पाटीच्या जागी जाड रबर बसवलं, मच्छीमार होडीच्या कडेला लावतात तसलं, तिच्या खांद्याच्या उताराला तासून. काळं, जाडजूड, दिसायला अगदी भिकार. उजळलेल्या लाकडाच्या मागे ते ठिगळ बघवत नव्हतं. साहेबांना सांगितलं, त्यांनी तपासून आधी माणसाशिवाय, लोखंडी चौकटीत बांधून बार काढायला लावले, तेही झालं. दस्ता टिकला. टेबलाखालचे ढलपे परबानं झाडून काढले, मला काही विचारलं नाही.

सरावाच्या सकाळी मी रायफल खिडकीतल्या शिपायाकरवी दिली. स्वतः रेंजच्या कडेला काजूच्या झाडाखाली उभा राहिलो. ठरवलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. तिला कळलं तर कळलं. एवढं मोठं मन माझ्यात आहे ह्याचं मलाच कौतुक वाटत होतं.

सुरेखानं रायफल उचलली आणि थांबली. वर-खाली करून तोलून बघितली. रबराला अंगठ्यानं दाबलं. मग खांद्याला लावली आणि एकामागून एक गोळ्या झाडल्या, मधे एकदाही खांदा झटकला नाही. उठली ती तडक परबाकडे गेली. तिचा चेहरा असा फुललेला मी पदकाच्या वेळीही बघितला नव्हता.

"परबदादा," ती म्हणाली, "ह्या तुम्ही केलात?"

माझं मोठं मन तिथल्या तिथे संपलं. मी झाडाखालून निघालो, ओरडायला तोंडही उघडलं, पण परब आधी बोलला. "माका खय जमता ह्या," तो म्हणाला. "ह्या मेस्त्रींनी केल्यानी. स्वतःचा काम स्वतःच्या हातान फोडल्यानी तुझ्यासाठी. जा, त्यांच्या पाया पड."

ती माझ्याकडे आली. काका म्हणाली आणि पायाशी वाकली. मी तिला म्हटलं, पुरे, जा, अजून दहा गोळ्या बाकी आहेत. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू, जन्मात इतकं बरं वाटलं नव्हतं. पण स्वतःचं काम आपण फोडलं, तिच्यासाठी फोडलं, हे तिला एकदा माझ्या तोंडून ऐकवायचं होतं. तेवढंही परबानं मला बोलू दिलं नाही.